इंट्रेपिड लागतंय

माझ्या वडिलांच्या कंपूत इंजिनाविषयी दोनच शब्द चालतात. 'झालंय' आणि 'लागतंय'. ज्या इंजिनाने आपली गाडी ओढली ते झालं. बाकी सगळी लागतात. नुसतं पाहिलेलं, हात लावलेलं, ज्याच्यापुढे उभं राहून फोटो काढला असं इंजिन कशातच धरत नाहीत. माझा नवरा पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आला तेव्हा त्याने मोठ्या उत्साहाने सांगितलं, की लहानपणी त्याने अमुक एक इंजिन यॉर्कच्या संग्रहालयात पाहिलंय. बाबाने त्याच्या ताटात आणखी बटाटे वाढले आणि विषय बदलला.

बाबा आता एकाहत्तर वर्षांचा आहे. डिझेल इंजिनांच्या एका जातीला ते सगळे 'गुरगुरे' म्हणतात. ती एकूण अठ्ठेचाळीस होती. त्यातली सत्तेचाळीस बाबाची झालीत, आणि त्यातली बहुतेक भंगारात जाऊनही तीस-पस्तीस वर्षं झाली. एक लागतंय. त्याचं नाव इंट्रेपिड.

गंमत म्हणजे इंट्रेपिड जिवंत आहे. काही लोकांनी वर्गणी काढून ते भंगारवाल्याकडून सोडवलं आणि एकोणीस वर्षं शनिवार-रविवार खपून पुन्हा चालतं केलं. आमच्या दरीत हौशी मंडळी जी जुनी लाइन चालवतात, तिच्यावर ते या वसंतात आलं. त्यांच्या मेळाव्याच्या शनिवारी थॉर्नसेटहून केल्डविकपर्यंत एक खेप, नऊ मैल, मध्ये थांबा नाही. सोमवारी त्याची चाकं काढायची होती. संपूर्ण दुरुस्ती. सहा वर्षं, असं त्यांच्या पत्रिकेत छापलं होतं, आणि त्यांची सहा म्हणजे आठ, असं बाबाच म्हणाला.

मी तीन वर्षांची असताना बाबा एकदा याच इंजिनासाठी एक्झिटरच्या फलाटावर उभा होता. गाडीला दहा मिनिटं होती. स्टेशनमास्तरने येऊन सांगितलं, की घरून फोन आलाय, मुलीला तापात झटका आलाय. बाबा समोरच्या फलाटावर गेला आणि मिळेल ती गाडी धरून घरी आला. दोन आठवड्यांनी इंट्रेपिड कामावरून काढलं. बाबाने हे मला कधीच सांगितलं नाही. आई गेली त्या वर्षी आईने सांगितलं.

तर त्या शनिवारी मी त्याला घेऊन निघाले. नवऱ्याची ड्यूटी होती, म्हणून मेबललाही घेतलं. ती आठ महिन्यांची. मागच्या सीटवर बाबाच्या कंपूतला जुना दोस्त, बिस्किटकाका, बसला होता. खरं नाव डेस्मंड थ्वेट, पण शहात्तर साली तीन दिवस तो फक्त बिस्किटांवर राहून स्कॉटलंड फिरला, तेव्हापासून त्याला डेस्मंड कोणी म्हणत नाही.

"बाबा, इतक्या आवाजाने मेबलच्या कानांना काही होणार नाही ना?"

"माझ्या कानांना काय झालं?"

"काका, तू सांग याला."

"कशाला सांगू? ऐकू येईल तेव्हा ना," बिस्किटकाका म्हणाला. "चाळीस वर्षं खिडकीतून डोकं बाहेर काढून इंजिन ऐकत बसला. आता घरातली किटली शिट्टी मारते तर शेजारीण येऊन बंद करते."

"तू नाही काढलंस डोकं?"

"माझं तोंड आत कामात असायचं."

मेबलसाठी मी कानांवर लावायच्या गाद्या आणल्या होत्या, गुलाबी. शिवाय दोन टोप्या, ताप मोजायचं यंत्र, आणि ती वही. तिच्या झोपेच्या, दुधाच्या, लंगोटाच्या वेळा मी वहीत लिहिते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की आता लिहिण्याची गरज नाही. मी लिहिते.

थॉर्नसेटच्या फलाटावर साठ-सत्तर माणसं होती. बहुतेक पांढऱ्या केसांची, जाकिटांना जुने बिल्ले, हातात थर्मास. इंजिन उभं होतं, निळं, तोंड पिवळं, आणि छपराच्या वर हवा थरथरत होती. बाबा त्याच्या बाजूने शेवटपर्यंत चालत गेला आणि परत आला. हात लावला नाही. सगळे त्याला ओळखत होते आणि सगळ्यांना माहीत होतं.

"आज ना, मर्विन?" कोणीतरी बाबाला विचारलं.

"बघू. सुटू तर दे."

त्याने ऐकण्याचं यंत्र कानातून काढून खिशात टाकलं. इंजिनाजवळ ते किंचाळतं. केल्डविकला इंजिन वळवून दुसऱ्या टोकाला न्यायचा रूळ सध्या उखडलेला आहे, म्हणून गाडीच्या दोन्ही टोकांना इंजिन लावलं होतं. जाताना पुढचं ओढणार, येताना मागचं. जाताना पुढे इंट्रेपिड. म्हणजे बाबाला हवी होती ती हीच एक खेप.

इथे त्यांचा नियम सांगायला हवा. चौऱ्याहत्तर साली क्रू स्टेशनच्या फलाटावर चहा पिता पिता बाबा आणि बिस्किटकाकाने तो ठरवला आणि नंतर कंपूतल्या सगळ्यांनी उचलला. स्टेशन ते स्टेशन, इंजिन चालू. म्हणजे एका स्टेशनातून सुटून पुढच्या स्टेशनात थांबेपर्यंत इंजिन जिवंत हवं. मध्ये बंद पडलं आणि दुसऱ्याने ढकललं, तर झालं नाही. कोणी तपासायला येत नाही. प्रत्येकाची वही त्याच्या खिशात. झालेल्या नंबराखाली लाल रेघ मारायची, ती पट्टी धरून.

गाडी अकरा दहाला सुटली. पहिल्या डब्यात आम्ही चौघं आणि कंपूतले आठ-दहा जण. प्रत्येक खिडकीत एक डोकं. सुरुवातीलाच चढ आहे. इंजिनाने असा काही आवाज काढला की माझ्या दातांना जाणवला. मी मेबलच्या कानांवरच्या गाद्या दोन्ही हातांनी दाबून धरल्या. ती माझ्याकडे बघत राहिली आणि सव्वाअकराला झोपली. मी वहीत लिहिलं. बाबा दाराच्या खिडकीत, हातात घड्याळ, दर पाव मैलाच्या खांबाला आपल्या वहीत वेळ टिपत होता. त्याच्या मानेवरची शीर मला दिसत होती. हृदयाच्या गोळ्या त्याने सकाळी घेतल्यात का, हे मी येताना मोटारीत दोनदा विचारलं होतं.

सहाव्या मैलानंतर बोगदा. सगळ्यांनी डोकी आत घेतली, काचा वर केल्या. बाहेर पडल्यावर काचा पुन्हा खाली आल्या, आणि तिथून उतार लागतो तो थेट केल्डविकपर्यंत. ड्रायव्हरने वेगाच्या दांड्यावरचा हात काढून घेतला, आवाज खाली आला, नुसती संथ गुरगुर राहिली. गाडी आपल्या वजनाने उतरत होती. मेबलच्या केसांना घाम आला होता म्हणून मी गाद्या काढल्या. ती त्या गुरगुरीत छान झोपली होती.

मग गुरगुर थांबली.

मेबलने डोळे उघडले. मी सवयीने घड्याळ पाहिलं आणि लिहिलं: ११.३३, जागी. आणि मग मला कळलं, ती का जागी झाली ते. रुळांचा आवाज होता, डब्याची करकर होती, खाली एका शेतातलं मेंढरू ओरडत होतं तेही ऐकू आलं. पुढून काहीच येत नव्हतं.

मी बिस्किटकाकाकडे पाहिलं. डुकराच्या मांसाचा पॅटिस त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला होता. त्याने डोळ्यांनी बाबाकडे दाखवून हळूच मान हलवली. नाही. खिडक्यांतली डोकी एकेक करून आत आली. सगळ्यांनी ऐकलं होतं. फक्त बाबा बाहेर वाकून उभा होता, वारा तोंडावर घेत, आणि पुढचा खांब टिपत होता.

उतारावर इंजिन लागत नाही. ड्रायव्हरने गाडी अलगद केल्डविकच्या फलाटाला आणून लावली. डब्यातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. एकाने बाबाच्या पाठीवर थाप मारली, दुसऱ्याने हात हातात घेतला. "अठ्ठेचाळीस, मर्विन! सगळी!" बाबाला शब्द ऐकू आले नसतील, पण तो हसत होता. मी त्याला इतका हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण आई गेल्यावर नाही.

शेवटचा सव्वा मैल मी एकच विचार करत होते. या लोकांची पत्रिका दर तीन महिन्यांनी येते. मागच्या पानावर बारीक अक्षरांत बिघाडांची यादी असते. कुठलं इंजिन, कुठल्या दिवशी, कितव्या मैलाला. बाबा ती भिंग घेऊन वाचतो, सकाळी, अंड्याबरोबर, एकटा.

फलाटावरच्या बाकावर बाबा बसला. वही मांडीवर उघडली. पोलादी पट्टी काढली, लाल पेन काढलं, टोपण दातांनी काढलं.

"रो, पट्टी धर गं. वाकडी नको जायला."

मी मेबलला डाव्या कडेवर घेतलं आणि उजव्या हाताने पट्टी धरली. पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस, सगळ्यांखाली रेघा. मधे एका नंबराखाली फक्त कागद.

"बाबा, आधी यंत्र कानात घाल."

"नंतर."

मी पट्टी सोडली नाही, पण नंबरावर सरकवली. त्याने वर पाहिलं. मी कानाकडे बोट केलं. त्याने कुरकुरत यंत्र बसवलं.

"काय आहे? भूक लागली का तिला?"

"बाबा, ते शेवटी बंद होतं."

"काय बंद होतं?"

"इंजिन. बोगद्यानंतर."

"उतार आहे तिथे," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "उतारावर ड्रायव्हर हात काढून घेतो. आवाज कमी होतो. चालूच असतं ते."

"कमी नाही झाला. थांबला."

बाबाने पेन तसंच धरून बिस्किटकाकाकडे पाहिलं. "बिस्किट?"

"मी खात होतो."

"तू पन्नास वर्षं खातोयस. कान चांगले आहेत तुझे. चालू होतं का बंद?"

बिस्किटकाका पॅटिसच्या कागदाची घडी करत राहिला. आजूबाजूचे टाळ्या वाजवणारे बुटांकडे बघू लागले. एक जण चहाच्या रांगेकडे निघून गेला, तिथे रांग नव्हती.

"मारून टाक ना रेघ," बिस्किटकाका शेवटी म्हणाला. "चढ सगळा त्याने ओढला. साडेसात मैल! उतारावर तर चहाची ट्रॉलीसुद्धा गेली असती केल्डविकला."

"बंद होतं म्हणजे."

"मर्विन, सोमवारी चाकं काढतायत त्याची."

"मी ते विचारलं नाही."

"हो! होतं बंद! झालं?" बिस्किटकाकाचा चेहरा लाल झाला होता. "आणि मी सांगणार नव्हतो. एक्याऐंशी साली टॉन्टनच्या अलीकडे ते स्टेडफास्ट इंजिन बंद पडलं, मी गाढ झोपलो होतो, कोणाला काही कळलं नसतं. तू मला हलवून उठवलंस. उठवलंस, लेका! 'बिस्किट, बंद पडलं, धरू नकोस.' पुढच्या वर्षी त्याचे तुकडे केले. मी अजून एक लागतंय म्हणून फिरतोय, आणि ते एक आता कुठल्या तरी फ्रिजच्या दारात आहे."

"नियम होता."

"नियम होता. मी झोपेत किती खूश होतो ते तुला नाही माहीत."

"म्हणून तू मला सांगणार नव्हतास? सूड?"

"सूड कसला, मूर्खा. सूड घ्यायचा असता तर सांगितलं असतं."

बाबा माझ्याकडे वळला. आवाजात राग होता की नाही, मला कळेना.

"कुठे बंद पडलं? नेमकं?"

"बोगद्यानंतर. थोडं पुढे."

"थोडं म्हणजे किती? 'थोडं' काय असतं?"

मी वही काढली. तीच, झोपेची आणि दुधाची. ११.१५ झोपली. ११.३३ जागी. "ती त्या आवाजावर झोपली होती. थांबला तशी उठली. मी लगेच लिहिलं."

बाबाने माझी वही आपल्या वहीशेजारी ठेवली. त्याच्या टिपणात साडेसात मैलांच्या खांबाला ११.३२ होते. त्याने बोटाने हिशेब केला, ओठ हलवत, जसा तो नेहमी करतो.

"सव्वा मैल राहिला होता," तो म्हणाला.

"सव्वा मैल," बिस्किटकाका म्हणाला. "नऊ मैलांत सव्वा मैल. देवसुद्धा एवढं सोडून देतो."

"देव वही ठेवत नाही."

त्याने लाल पेनाला टोपण लावलं. माझ्या हातातून पट्टी घेतली, पुसली, खिशात ठेवली. मग साधं पेन काढून त्या नंबरापुढे लिहिलं: पावणेआठ मैल, बंद. आणि खाली तारीख. अक्षर स्थिर होतं.

बिस्किटकाका माझ्या कानाशी आला. "झालं समाधान? एकाहत्तर आणि सहा किती होतात, येतं ना तुला?"

"येतं, काका."

"आणि ती सहा नसतात. आठ असतात."

"येतं म्हटलं ना."

मला रडू येईल असं वाटत होतं म्हणून मी मेबलचा मोजा नीट करू लागले. तो नीटच होता. बाबा बाकावरून उठला नव्हता. समोर इंट्रेपिड उभं होतं, धूर नाही, आवाज नाही, नुसतं गरम. बाजूचं एक झाकण उघडून लॉर्ना नावाची त्यांची फिटर आत वाकली होती. तिच्या पायाशी पाण्याची नळी पडली होती. रेल्वेतून निवृत्त झालेली बाई, साठीची, शनिवारी-रविवारी इथे फुकट राबते.

मी बाबाशेजारी बसले. तो इंजिनावरची नजर न काढता म्हणाला, "कसं गेलं?"

"म्हणजे?"

"बंद कसं पडलं? मला ऐकू आलं नाही ना. एकदम गेलं, बटण दाबल्यासारखं? की कसं?"

मी डोळे मिटले. मेबलचं वजन मांडीवर, तिच्या केसांचा घाम, ती गुरगुर.

"एकदम नाही. आधी वर गेला आवाज. थोडासाच, कोणी श्वास भरावा तसा. मग खाली. परत वर. असं दोनदा."

"दोनदा? नक्की?"

"तीनदा. तिसऱ्यांदा वर जाता जाता राहिला. मग खोकल्यासारखं काहीतरी, दोन खोकले, आणि गेलं."

बाबा माझ्याकडे असा बघत होता जसा तो फक्त सूचना सांगणाऱ्या लाउडस्पीकरकडे बघतो.

"पाणी कमी झालं तर इंजिन स्वतःहून बंद होतं," तो म्हणाला. "पण तेव्हा एकदम होतं. खटकन. वर-खाली होत नाही. वर-खाली, मग खोकला, म्हणजे डिझेल पोचत नव्हतं. गाळणी तुंबली असेल, नाहीतर हवा शिरली असेल." तो उठला. "आणि ही बाई त्याला पाणी पाजतेय."

तो फलाटाच्या टोकाकडे निघाला. मी मागे. त्याच्या चालण्याचा वेग बघून गोळ्यांचा विचार परत मनात आला.

"लॉर्ना! पाणी नाहीये ते!"

लॉर्नाने डोकं बाहेर काढलं. कपाळावर काळा पट्टा. "मर्विन, मला वाईट वाटलं रे. मनापासून. पण आत्ता माझ्या डोक्यावर उभा राहू नकोस. पाण्याचा दिवा लागलाय, पाणी भरतेय."

"दिवा नंतर लागला असेल. ते डिझेलवाचून मेलंय."

"तुला काय माहीत? तुला तर काहीच ऐकू येत नाही."

"मला नाही. हिला येतं."

"कोणाला?"

"माझ्या मुलीला. हिने ऐकलंय सगळं. वेळेसकट लिहिलंय." त्याने मला दंडाला धरून पुढे केलं. "रो, मला सांगितलंस तसंच सांग हिला. काही गाळू नकोस."

लॉर्नाने हात पुसले. "आणि एक आधीच सांगते, मर्विन. सुरू झालं तरी आज मी ते गाडीला लावणार नाही. एकदा बंद पडलेलं इंजिन त्या दिवशी प्रवासी घेऊन जात नाही. आमचाही नियम आहे."

"मी मागितलं का?"

"नाही. पण तुझं तोंड मागतंय."

"माझं तोंड सोड. सोमवारी सुटं करणार आहात. काय बिघडलंय ते न कळता सुटं केलंत, तर सहा वर्षांनी तसंच परत जोडाल. नीट कर त्याला."

लॉर्ना त्याच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली. नळी बंद केली. झाकणाआड डिझेलचा आणि तापलेल्या रंगाचा वास होता, आणि इतका वेळ मेबलला अशा जागेपासून लांब ठेवायचं हे मी मनात घोकत होते. बिस्किटकाका धापा टाकत पोचला होता. मी मेबलला त्याच्या हातात दिलं. त्याने पॅटिस खाल्लेले हात आधी जाकिटाला पुसले.

"हं, सांग," लॉर्ना म्हणाली. "आधी वर गेला म्हणालीस?"

"आधी थोडासा वर," मी म्हणाले, आणि तो आवाज काढून दाखवायला तोंड उघडलं.